तुमचा आवडता कॉमिक्स हिरो आणि चित्रकार कोण?

हिरो वेताळ (म्हणजे इंग्रजीतला फँटम), चित्रकार साय बॅरी. ली फॉकने वेताळ 1936 साली आणला, पण माझ्या डोळ्यांपुढे येतो तो बॅरीचाच. 1961 पासून तीसेक वर्षं त्यांनी तो काढला. आधीच्या विल्सन मॅककॉय यांची चित्रं गोड, पण जरा बाळबोध. बॅरींच्या ठसठशीत काळ्या सावल्यांमुळे वेताळाची कवटीची गुहा खरीखुरी वाटायला लागली!

देशी हिरोंत बहादूर. 1976 साली इंद्रजाल कॉमिक्समध्ये आबिद सुरतींनी त्याला आणला. चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. डाकूचा मुलगाच डाकूंशी लढतो, तेही कुर्ता आणि जीन्स घालून. इंद्रजालची कितीतरी मुखपृष्ठंही गोविंद यांचीच. कधीकधी आतल्या गोष्टीपेक्षा मुखपृष्ठच भारी असायचं, हे मात्र खरं.

जादूगार मँड्रेक? वाचतो, पण जीव वेताळावरच.