यू-शू लिन-फंग : वाऱ्यासमोरचं जेडचं झाड

प्रश्न असा आलाय : चिनी ऐतिहासिक मालिकांत नायकाला 'यू-शू लिन-फंग' म्हणतात आणि खाली सबटायटलमध्ये नुसतं 'देखणा' उमटतं. मराठीत 'मदनाचा पुतळा' चालेल का?

माझ्या मते नाही. पुतळा जागचा हलत नाही, आणि इथे सगळी गंमत वाऱ्याची आहे. यू म्हणजे जेड हा मौल्यवान दगड, शू म्हणजे झाड, लिन म्हणजे समोर असणं, फंग म्हणजे वारा. ही प्रतिमा थांग काळातला कवी दू फू (७१२–७७०) याच्या कवितेतली. पट्टीच्या आठ पिणाऱ्यांवर ती रचलेली आहे. त्यातला त्सोंग-च हा देखणा तरुण. प्याला उंचावून, डोळ्यांचं पांढरं दाखवत तो निळ्या आभाळाकडे बघतो, आणि दिसतो कसा, तर वाऱ्यासमोरच्या जेडच्या झाडासारखा लख्ख. तो दारूने किंचित डुलतोय, असाही अर्थ लावतात. मला तोच पटतो. डोळ्यांचं पांढरं दाखवणं ही तुच्छतेची जुनी खूण, म्हणजे स्वारी जगाला मोजत नाहीये!

जेडला 'पाचू' मात्र म्हणू नका. पाचू म्हटलं की झाड हिरवं होतं. दू फूने इथे वापरलेला 'च्याओ' हा शब्द चांदण्याच्या शुभ्र उजळपणाचा आहे. झाड पांढरं, तुकतुकीत डोळ्यांसमोर आणा.

जेडच्या झाडाची उपमा दू फूच्याही आधीची. तिसऱ्या शतकात वेई राज्याच्या सम्राट मिंगने आपल्या मेव्हण्याला देखण्या श्याहौ श्वेनशेजारी बसवलं, तेव्हा लोक म्हणाले, 'लव्हाळं जेडच्या झाडाला टेकलंय.' मेव्हण्याचं काय झालं असेल!

म्हणून मराठीत मी 'डौलदार' घेईन. 'राजबिंडा' जवळचा आहे, पण त्यात थाट येतो. जिममध्ये कमावलेल्या दंडांना तर हा शब्दप्रयोग लागूच नाही.

याच्या जोडीला बुद्धीसाठी 'त्साय काओ पा दोउ' ऐकू येतं : आठ दोउ प्रतिभा. दोउ हे आपल्या पायलीसारखं धान्याचं माप. हे वचन पाचव्या शतकातल्या श्ये लिंगयुन या कवीच्या नावावर आहे : जगातली प्रतिभा एकूण दहा दोउ. त्यातले आठ एकट्या त्साओ च या कवीचे, एक माझा, आणि उरलेला एक बाकीच्या जगाने वाटून घ्यावा.