रक्ताचा कर्करोग: पहिला महिना सांभाळा

प्रश्न: भावाचं वय 48, आम्ही शेती करतो. तीन आठवडे ताप, हिरड्यांतून रक्त. तपासणीत पांढऱ्या पेशी 1,18,000, प्लेटलेट 14,000 आल्या. अक्युट ल्युकेमियाचा संशय आहे, नागपूरला न्यायला सांगितलंय. वाचण्याची शक्यता किती?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर: नागपूरला निघाला नसाल तर आजच निघा. नुसत्या काउंटवरून टक्का सांगता येत नाही. वय साठच्या आत आहे, ही जमेची बाजू. पांढऱ्या पेशी लाखावर, ही धोक्याची. खरा निकाल हाडातल्या मगजाच्या तपासणीतून लागतो: आजार मायलॉइड की लिम्फोब्लास्टिक, गुणसूत्रांत काय बिघाड, आणि पहिल्या केमोनंतर कर्करोगाच्या किती पेशी शिल्लक राहिल्या. मायलॉइडमधलाच प्रोमायलोसायटिक प्रकार निघाला तर रक्तस्रावाने सुरुवातीचे दिवस फार जोखमीचे असतात, पण ते निभावले की बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. त्यात एट्राच्या (व्हिटॅमिन ए पासून बनलेलं औषध) गोळ्या नुसत्या संशयावर त्याच दिवशी सुरू करतात, रिपोर्टसाठी थांबत नाहीत.

निघण्याआधी गावात तीन गोष्टी होऊ देऊ नका. डेक्सा किंवा प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडं नकोत. लिम्फोब्लास्टिक प्रकारात त्याने पेशी विरघळतात, निदान चकतं आणि किडनीवर भार येतो. कमरेत इंजेक्शन नको आणि डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन ही दुखण्याची औषधं तर नकोच, कारण एवढ्या कमी प्लेटलेटवर आत रक्तस्राव होतो. आणि हिमोग्लोबिन कमी दिसलं म्हणून घाईने लाल रक्ताची पिशवी चढवू नका. पांढऱ्या पेशी इतक्या असताना रक्त आणखी घट्ट होऊन मेंदू-फुप्फुसातल्या बारीक वाहिन्या तुंबतात. धाप, गुंगी, अंधुक दिसणं ही त्याची लक्षणं. तसं काही झालं तर वाटेत जे मोठं रुग्णालय लागेल तिथे थांबा.

पहिल्या महिन्यात माणूस दगावतो तो बरेचदा जंतुसंसर्गाने किंवा रक्तस्रावाने. केमोनंतर लढणाऱ्या पेशी 500 च्या खाली जातात आणि दोन-तीन आठवडे तशाच राहतात. तेव्हा पू होत नाही, सूज दिसत नाही. ताप ही एकच खूण. म्हणून सुट्टी मिळाली तरी गावी परतू नका, रुग्णालयापासून अर्ध्या तासावर खोली घ्या. काखेत थर्मामीटर लावा, 100.4 च्या वर तासभर राहिला, किंवा एकदाही 101 झाला, की रात्री दोन वाजले असले तरी निघा. शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं. आधी पॅरासिटामॉल देऊ नका, ताप झाकला जातो. पाणी उकळलेलं, जेवण ताजं शिजवलेलं. कच्चा कांदा, चिरून ठेवलेली फळं बंद. पुढे घरी आल्यावरही कुटाराच्या ढिगाजवळ, गोठ्यात जाऊ देऊ नका. त्या धुळीतली बुरशी फुप्फुसात रुजली तर काढणं फार अवघड.

प्रश्न: आईचं वय 74, मायलॉइड ल्युकेमिया. डॉक्टर म्हणतात, कडक केमो नको. म्हणजे त्यांनी हात टेकले का?
– एक वाचक, वाशीम जिल्हा

उत्तर: नाही. या वयात कडक केमोनेच जीव जाण्याचा धोका मोठा असतो. त्याऐवजी दर 28 दिवसांनी सात दिवस अझॅसिटिडीनची इंजेक्शनं आणि सोबत व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या देतात. बरेच जण यावर सावरतात, पण ताप आणि प्लेटलेटची काळजी वर लिहिली तेवढीच. व्होरिकोनॅझोलसारखं बुरशीविरोधी औषध सुरू झालं तर व्हेनेटोक्लॅक्सचा डोस बराच कमी करावा लागतो. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांनी गोळी दिली की तिची पट्टी आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना दाखवा, मगच आईला द्या.