क्रूझवर रोज डाइव्ह मिळते का?

प्रश्न : दादा, मी देवबागचा. तारकर्लीत पर्यटकांना स्कुबा करवतो, पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा डाइव्हमास्टर (इन्स्ट्रक्टरहून खालचा दर्जा) आहे. क्रूझवर इन्स्ट्रक्टर व्हायचंय. रोज समुद्रात उतरायला मिळतं का?

उत्तर : रोज कसं मिळेल रे? जहाज चालू असताना तुला पाण्यात कोण सोडणार! मी कॅरिबियनच्या फेऱ्यांवर होतो. समुद्रातल्या दिवशी जहाजाच्या तरणतलावात नवशिक्यांना मास्कमधलं पाणी काढायला शिकवायचं, नाहीतर रेग्युलेटर (पाण्याखाली श्वास घ्यायचं तोंडातलं उपकरण) धूत बसायचं. खरी डाइव्ह बंदरात, मेक्सिकोच्या कोझुमेल बेटासारख्या ठिकाणी. तिथला प्रवाह तुला आपोआप पुढे नेतो आणि पाणी इतकं नितळ, की मालवणात पावसाळ्याआधी गढूळ पाण्यात चाचपडलेला मी पहिल्यांदा बावचळलोच.

डोकं मात्र घड्याळाकडे, जहाज कुणासाठी थांबत नाही. एकदा एका काकांचा कान १० मीटरवर दुखायला लागला. नाक दाबून फुंकर घालूनही सुटेना. त्यांना हळूहळू वर आणलं, बाकीच्यांची डाइव्ह अर्धवट राहिली. ते बाकीचे कुरकुरले, पण कानाचा पडदा परत मिळत नाही.

तू आधी इन्स्ट्रक्टर हो. परीक्षेपर्यंत १०० डाइव्ह नोंदलेल्या लागतात, लॉगबुक आळसाने कोरं ठेवू नकोस. शिवाय एसटीसीडब्ल्यूचं, म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे, सुरक्षा प्रशिक्षण, सीडीसी (जहाजावरच्या नोकरीचं नोंदपुस्तक) आणि वैद्यकीय तपासणी. नोकरीसाठी कुणी एजंट आगाऊ पैसे मागितले, तर तिथूनच माघारी फीर. माझे चाळीस हजार असेच बुडाले. आणि हो, शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ दे, घरी जायची कितीही घाई असली तरी.