दोन वर्षं पडून राहिलेला नांगर

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातला. पुण्यातली नोकरी सोडून गावी आलो आणि बॅटरीवर चालणारं, पिकातलं तण काढायचं कोळपं तयार केलं. चौदा नग बनवले, वर्षभरात तीन गेले, त्यातलं एक मामांनी घेतलं. लोक बघतात, 'झकास आहे' म्हणतात आणि बैल जुंपून आपल्या वाटेने जातात. वडील म्हणतात, पुण्याला परत जा. मी मोठ्या उद्योजकांची चरित्रं वाचतो, रोज एखादं व्याख्यान ऐकतो. सगळे सांगतात, जिद्द सोडू नका. माझी जिद्द कमी पडते आहे का? बँकेनेही कर्ज नाकारलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना राजा भेटला, आम्हाला कोण भेटणार?

उत्तर : जिद्द राहू द्या बाजूला. मामांचं वजा केलं की खरी विक्री दोनच. तिथून सुरू करू.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकतीस वर्षं लोखंडाच्या ओतकामाची छोटी फाउंड्री चालवली. माझ्या आजोबांच्या गोठ्यात किर्लोस्करचा नांगर भिंतीला टेकवून ठेवलेला असे, त्यामुळे लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल मला पहिल्यापासून कुतूहल. त्यांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला 1903 साली. घ्यायला कुणी येईना. लोखंड लागलं की जमीन विषारी होते, अशी समजूत होती. जवळजवळ दोन वर्षं नांगर पडून राहिले. तुम्ही ऐकता त्या व्याख्यानांत ही दोन वर्षं एका वाक्यात उरकतात : 'पण ते खचले नाहीत.' माझं तेवढ्याने भागत नाही. गिऱ्हाईक नसलेल्या त्या दोन वर्षांत कारखाना चालला कशावर?

तर हातात दुसरा माल होता. नांगराच्या आधीपासून ते कडबा कापायचं यंत्र बनवत होते. त्याच्याही आधी, 1888 पासून, सायकलींचं दुकान. भाऊ रामूअण्णा बेळगावात दुकान सांभाळायचे, लक्ष्मणराव मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवायचे आणि तिथून सायकली पाठवायचे. नोकरी सोडली तीही कसल्या स्वप्नाच्या नादात नव्हे. हक्काची बढती एका अँग्लो-इंडियनाला दिली, याचा राग आला म्हणून. पण तोवर बेळगावात दुकान उभं होतं. तुमच्याकडे कोळप्याशिवाय विकायला काय आहे? गावात वेल्डिंगची, पंपदुरुस्तीची कामं मिळत असतील तर ती घ्या. त्यात कमीपणा नाही, कोळप्याचं आयुष्य वाढेल.

आता त्या विषारी जमिनीबद्दल. आपण हसतो, पण मला तो शेतकरी खुळा वाटत नाही. ज्याचं सगळं एका तुकड्यावर आणि एका पावसावर, तो दुसऱ्याच्या शोधासाठी आपली काळी का पणाला लावेल? तुमच्याकडे 'झकास आहे' म्हणणाऱ्याच्या पोटात अशीच कसलीतरी भीती असणार. चिखलात चाक रुतेल का, ऐन कोळपणीत बॅटरी बसली तर दुरुस्तीला कोण येणार, दोन ओळींतलं अंतर चुकून सोयाबीनच कापलं गेलं तर? विकायला जाऊ नका, हे विचारायला जा. उरलेल्या अकरांपैकी चार नग चार गावांत पेरणीनंतर रोजाने द्या, आणि पहिल्या पाळीला स्वतः मागून चाला. बैलजोडीच्या भाड्यापेक्षा थोडे कमी पैसे घ्या, पण घ्या. फुकट दिलेल्या अवजाराची खरी तक्रार कुणी सांगत नाही, हे मी भोगलंय.

बँकेने कर्ज नाकारलं, असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. 'लक्ष्मणरावांना राजा भेटला, आम्हाला कोण भेटणार?' हा टोमणा मला आवडला. खरं आहे, भेटला. बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली, तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर पडीक जमीन आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. जमीन म्हणजे निवडुंग आणि नाग. 1910 साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. राजेसाहेब स्वतः हाडाचे चित्रकार, आणि लक्ष्मणरावांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत असताना रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकला सोडावी लागली होती. दोघांच्या गप्पा ऐकायला मी काहीही दिलं असतं. पण ध्यानात घ्या, कर्ज आलं ते नांगराच्या सात वर्षांनंतर. तोवर दाखवायला चालता कारखाना होता. तुम्ही बँकेत दोन विक्रींची वही घेऊन गेलात. चार गावांच्या भाड्याची वही झाली की परत जा. आणि वडिलांना एकदा शेतात नेऊन कोळपं त्यांच्या हातात द्या. त्यांनी ते अजून चालवून पाहिलेलं नाही, अशी मला शंका आहे.

प्रश्न : मिरजेत माझा कापडी पिशव्या शिवण्याचा छोटा कारखाना आहे. सात मशिनं. मुली शिकतात आणि सहा महिन्यांत दुसरीकडे जातात. हेन्री फोर्डने पगार दुप्पट केला होता म्हणे. मला ते परवडणार नाही. मग अशा गोष्टींचा आम्हाला उपयोग काय?

उत्तर : ताई, फोर्ड काही दानधर्म करायला बसला नव्हता. 1913 साली त्याच्या डेट्रॉईटच्या कारखान्यात माणसं इतकी सोडून जात होती की चौदा-एक हजार कामगार टिकवायला वर्षात पन्नास हजारांवर भरती करावी लागली. फिरत्या पट्ट्यापुढे दिवसभर तेच ते काम, कोण थांबेल? जानेवारी 1914 मध्ये त्याने दिवसाला पाच डॉलर जाहीर केले आणि पाळी नऊ तासांची आठ केली. वर त्या पाच डॉलरसाठी कामगाराच्या घरी जाऊन तो दारू पितो का, बचत करतो का, हे तपासणारी माणसंही नेमली. ते तेवढं उचलू नका!

उचलायचा तो हिशेब. माझ्याकडचा एक चांगला मोल्डर, म्हणजे साचे करणारा कारागीर, महिन्याला दोनशे रुपये जास्त मिळतात म्हणून गेला. मी ताठ्यात राहिलो. नव्या पोराचा हात बसेपर्यंत दहातली तीन कास्टिंग पुन्हा भट्टीत जायची. चार महिन्यांनी कागदावर मांडलं तेव्हा त्या दोनशेच्या कितीतरी पट गेलेले. तुम्ही एका मुलीचं मांडा : शिकण्यातले दिवस, उसवलेल्या पिशव्या, चुकलेली ऑर्डर. आकडा समोर आला की पगार किती वाढवायचा ते कळेल. आणि सोडून गेलेल्यांपैकी एकीला चहाला बोलावून कारण विचारा. कदाचित पगार नसेलच. शेवटची बस साडेसहाला सुटते आणि तुम्ही सुट्टी साडेसहाला देता, असंही निघेल.