घरच्या घरी एडिटिंगचा पीसी : वाचकांची प्रश्नोत्तरे

परीक्षा संपल्या की या सदराकडे येणारी पत्रं एकाच वळणाची असतात. बजेट पन्नास-साठ हजार, घरात एडिटिंग शिकणारं कुणीतरी, आणि "आत्ता कमी खर्चात करू, पुढे वाढवत नेऊ" हा बेत. बेत उत्तम आहे. अडचण अशी की निम्म्या पत्रांत "आमच्या ओळखीचा एक जण म्हणाला" असतं आणि उरलेल्या निम्म्यांत दुकानदाराच्या कोटेशनचा फोटो. त्यातले वारंवार येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : मुलगी मास मीडियाला आहे. बजेट पंचावन्न हजार, मॉनिटर घरात आहे. ग्राफिक्स कार्ड पुढच्या वर्षी घेऊ. दुकानदार i5-12400F आणि "तात्पुरतं" म्हणून GT 730 कार्ड देतोय. घ्यावं का? (नाशिक)

नाही. त्या नावातलं शेवटचं F अक्षर वाचा. इंटेलच्या F प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स बंद असतं, म्हणून तो थोडा स्वस्त पडतो. मोबाइल आणि कॅमेऱ्यातून येणारं H.264 आणि HEVC या दाबून साठवलेल्या प्रकारांतलं चित्रण उलगडायला इंटेलचं क्विक सिंक फार उपयोगी पडतं, आणि ते त्या अंगच्या ग्राफिक्समध्येच असतं. म्हणजे दुकानदार तुमच्याकडून कामाची गोष्ट काढून घेतोय आणि 2014 सालचं कार्ड गळ्यात मारतोय. F नसलेला 12400 किंवा 14400 घ्या. मग कार्डाशिवाय वर्षभर निभेल.

"पुढे वाढवू" याचा अर्थ मात्र मदरबोर्ड घेतानाच ठरतो. 12400 ज्या LGA 1700 बोर्डावर बसतो, त्यावर बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी चालते. इंटेलचे त्यानंतरचे डेस्कटॉप प्रोसेसर वेगळ्या सॉकेटवर (प्रोसेसर बसतो त्या खाचेवर) गेले. म्हणजे पुढे चौदाव्या पिढीचा i7 टाकता येईल, पण तिथेच रस्ता संपतो. एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीचं AM5 सॉकेट 2022 मध्ये आलं आणि किमान 2027 पर्यंत ते चालू ठेवू असं कंपनीने जाहीर केलं आहे. पुढचा विचार करणाऱ्याने AM5 बोर्ड आणि Ryzen 5 8600G यांचंही कोटेशन मागावं. मात्र त्याला DDR5 रॅमच लागते, आणि रॅमचे भाव 2025 च्या अखेरीपासून चढले आहेत. LGA 1700 मध्ये DDR4 आणि DDR5 असे दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा.

16 जीबीखाली जाऊ नका. बोर्ड DDR5 चा असेल तर 16 ची एकच स्टिक घेऊन पुढे तशीच दुसरी लावता येते. अंगच्या ग्राफिक्सला एका स्टिकवर थोडा फटका बसतो, तेवढा वर्षभर सोसा. विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी 500 जीबीची NVMe (वेगवान SSD), चित्रणासाठी 2 टीबीची साधी हार्ड डिस्क. कोटेशनवर प्रत्येक वस्तूचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या आणि ॲडव्हान्स देण्याआधी ते एखाद्या जाणत्याला दाखवा. तो दुकानदाराचा मेहुणा नसावा.

प्रश्न : Gen 5 SSD घेतली तर एडिटिंग किती पटीने वेगवान होईल? (ठाणे)

होणार नाही. 100 एमबीपीएसचं 4K चित्रण सेकंदाला साडेबारा एमबी, म्हणजे तासाला 45 जीबी मागतं. ते साधी SATA SSD सुद्धा आरामात पुरवते.

प्रश्न : ऑनलाइन "i7, 16 जीबी रॅम, 512 SSD, 4 जीबी ग्राफिक्स" असा नवा पीसी अठरा हजारांत दिसतोय. वर्षाची वॉरंटीही आहे. मग लोक पन्नास हजार का घालवतात? (सोलापूर)

कारण त्या जाहिरातीत i7 च्या पुढचा आकडा नसतो. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा : i7, पण कुठला? उत्तर बहुधा 2600, 3770 किंवा 4770 येईल. हे अनुक्रमे 2011, 2012 आणि 2013 चे प्रोसेसर. ऑफिसांमधून निघालेल्या भंगारातले प्रोसेसर पुसून, अनोळखी नावाच्या H61 किंवा H81 बोर्डावर बसवून, काचेच्या दिवेवाल्या कॅबिनेटमध्ये घालून विकायचे, असा हा धंदा आहे. नवं असतं ते कॅबिनेट. रॅम DDR3 ची, म्हणजे पुढे कुठल्याही नव्या बोर्डावर न चालणारी. विंडोज 11 ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. इथे दुसरी, तिसरी किंवा चौथी. काहीतरी खटपट करून ते चढवून दिलेलं असतं.

पत्रं लिहिणं, यूट्यूब बघणं एवढंच असेल तर माझी हरकत नाही. एडिटिंगसाठी हे अठरा हजार बुडीत धरा, कारण पुढे यातलं काहीच कामी येणार नाही.

प्रश्न : असेंबल केलेला पीसी आहे, Ryzen 5 5600 आणि RTX 3060. दिवाळीपासून रेंडर (एडिट झालेल्या व्हिडिओची फाइल काढणं) लावलं की मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. एरवी ठीक चालतं. दुकानदाराने तीनदा विंडोज टाकून दिलं, आता रॅम बदलू म्हणतो. कॅबिनेटला उघड्या पायांनी हात लावला तर झिणझिण्या येतात, पण ते नेहमीचंच आहे. SMPS (पीसीला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटबरोबर आलेला 450 वॉटचा आहे. (चिपळूण)

आधी प्लग काढा, मग पुढचं वाचा.

दिवाळीपासून मशीन ओरडून सांगतंय आणि तुम्ही विंडोज टाकत बसलात. आणि झिणझिण्या "नेहमीच्याच" कशा असू शकतात? इथे दोन वेगवेगळे दोष आहेत आणि दोन्ही विजेचे आहेत.

पहिला SMPS. एरवी मशीन चालतं कारण एरवी ते फारसं काही मागतच नाही. रेंडरला प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकदम खेचतात. तुमचं कार्ड 170 वॉटचं. प्रोसेसरवर 65 लिहिलेलं असलं तरी भरात तो त्याच्याही वर जातो. बोर्ड, पंखे, डिस्क धरून तीनशेच्या वर गेलं, आणि हे जवळजवळ सगळं 12 व्होल्टच्या लाइनवरून येतं. आता SMPS च्या अंगावरचं लेबल बघा. त्यात +12V खाली किती अँपिअर लिहिलेत? अशा फुकट आलेल्या डब्यांवर 16 वगैरे आकडा असतो. बारा गुणिले सोळा, 192 वॉट. मग 450 आले कुठून? 3.3 आणि 5 व्होल्टच्या, आज फारशा न वापरल्या जाणाऱ्या लाइनी मिळवून, आणि बाकीचे स्टिकर छापणाऱ्याच्या मनातून. तुम्हाला 12 व्होल्टवर किमान 26 अँपिअर हवेत, शिवाय क्षणिक उसळीसाठी वर जागा. नावाजलेल्या कंपनीच्या 550 वॉटच्या SMPS मध्ये ही लाइन 45 अँपिअरच्या आसपास देते. चार हजारांच्या आगेमागे मिळतो. साठ हजारांच्या यंत्राला जो एकच भाग अन्न पुरवतो, तो लोक फुकटातला घेतात, आणि वाचलेल्या पैशांत रंगीत दिव्यांचे पंखे येतात. वर्षानुवर्षं हे पाहतोय, राग कमी होत नाही.

"80 प्लसचा स्टिकर आहे ना" असं सांगणारेही भेटतील. तो दर्जा फक्त कार्यक्षमतेचा. ब्राँझ म्हणजे अर्ध्या लोडवर 85 टक्के. शॉर्ट झाल्यावर, व्होल्टेज चढल्यावर डबा स्वतःला बंद करेल की तुमचं कार्ड बरोबर घेऊन जाईल, हे तो स्टिकर सांगत नाही. आणि स्टिकर कुणीही छापतो. मॉडेल नंबर 80 प्लसच्या अधिकृत यादीत सापडतो का बघा, आणि पाच वर्षांची वॉरंटी पक्क्या बिलावर घ्या.

तुमच्या SMPS ला कार्डाची 8 पिनची वायर बहुधा नसेलच. दुकानदाराने मोलेक्सचा (जुन्या चार पिनांच्या जोडणीचा) कन्व्हर्टर लावला असेल. दीडशे वॉटच्या जोडणीसाठी ती बारीक वायर? प्लास्टिक पिवळं पडलंय का, वास येतोय का, बघा आणि तो कन्व्हर्टर फेकून द्या.

दुसरा दोष अर्थिंगचा. SMPS च्या आत गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात, ते लाइन आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटच्या पत्र्यापर्यंत जोडलेले असतात. अर्थिंग नसलं की पत्रा साधारण अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे 115 च्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण त्याच SMPS मध्ये उद्या इन्सुलेशन फाटलं, तर तो प्रवाह थोडा राहणार नाही. जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटचं तिसरं भोक पुष्कळदा नुसतं भोकच असतं. वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा, टेस्टर नको. लाइन ते न्यूट्रल आणि लाइन ते अर्थ हे दोन्ही आकडे 230 च्या जवळ आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्ट, असं यायला हवं. एक गोष्ट त्याला कदापि करू देऊ नका : सॉकेटमध्येच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनला जोडणं. झिणझिण्या जातात, तो हुशारीने हसतो. पण न्यूट्रल कुठे तुटला तर अख्खं कॅबिनेट लाइव्ह होतं. वायरमन परवानाधारकच हवा.

SMPS स्वतः उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट काही काळ राहू शकतात. आणि UPS ने अर्थिंगचं काम होत नाही. 600 VA चा साधा UPS साधारण 360 वॉट पेलतो, तेही फाइल सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरतं.

रॅम तशीच राहू द्या. अर्थिंग आणि नवा SMPS झाल्यावर मगच रेंडर लावा. तरीही रीस्टार्ट झालं तर मशीन दुसऱ्या तंत्रज्ञाला दाखवा.

प्रश्न : लिक्विड कूलर आवश्यक आहे का? (पणजी)

65 वॉटच्या प्रोसेसरला नाही. खोक्यातला पंखा पुरतो, फक्त तुमच्या दमट हवेत धूळ चिकटते, ती वेळच्या वेळी साफ करा.

प्रश्न : मोबाइलवर शूट केलेल्या कीर्तनाचं एडिटिंग करतो. सुरुवातीला आवाज जुळतो, तासाभराने ओठ पुढे आणि आवाज मागे. शेजारचा मुलगा रॅम 64 जीबी करा म्हणतो. (पंढरपूर)

64 जीबी टाकलीत तरी आवाज मागेच राहील. मोबाइल दर सेकंदाला मोजून तितक्याच फ्रेम घेत नाही. उजेड आणि गरम होणं यांवर तो आकडा बदलतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र ठरावीक फ्रेमरेट धरून चालतं, आणि फरक साचत जातो. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, Constant Framerate निवडा, 30 ठेवा, फाइल काढून घ्या आणि ती टाइमलाइनवर टाका. पुढच्या कीर्तनाला मोबाइलमध्येच ठरावीक फ्रेमरेट देणारं कॅमेरा ॲप वापरा. टाइमलाइन अडखळत असेल तर प्रॉक्सी (चित्रणाची हलकी प्रत) बनवून एडिट करा. दा विंची रिझॉल्व्ह आणि केडेनलाइव्ह या दोन्ही एडिटिंग सॉफ्टवेअरांत ती सोय आहे. खर्च शून्य.

प्रश्न : रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरेल का? (जळगाव)

4K UHD आणि 60 फ्रेमपर्यंत पुरते. लिनक्सवर टाकणार असाल तर मोफत आवृत्तीत H.264 चालत नाही, एवढं आधी बघून घ्या.

प्रश्न : आमच्या लग्नाची VHS आणि मुलाच्या बारशाच्या MiniDV कॅसेट आहेत. घरच्या पीसीवर उतरवता येतील का? एक जण "4K मध्ये कन्व्हर्ट करून देतो" म्हणतोय. (रत्नागिरी)

आधी कॅसेटच्या खिडकीतून टेप बघा. पांढरी बुरशी दिसली तर VCR मध्ये घालू नका. टेप खराब होईल, हेडही जाईल, आणि पुढच्या कॅसेटला तीच बुरशी लागेल. ती थेट कॅसेट साफ करणाऱ्या माणसाकडे न्या, पण लग्नाच्या आधी एखादी कमी महत्त्वाची कॅसेट देऊन त्याचं काम पाहा.

कॅसेट स्वच्छ असतील तर MiniDV घरी होतं. त्याला FireWire ही जुनी जोडणी लागते, म्हणजे पीसीत तिचं कार्ड बसवायचं. हँडीकॅमचं USB पुष्कळ मॉडेलांत फक्त फोटोसाठी असतं. बोर्डावर PCIe x1 ची मोकळी जागा हवी आणि कार्ड विंडोज 11 वर चालेल याची दुकानात खात्री करून घ्या. तासाला 13 जीबी जागा धरा, फाइल 720 × 576 मध्येच ठेवा. VHS साठी USB कॅप्चर पुरतं. खरा प्रश्न चांगल्या VCR चा आहे.

आणि 4K? VHS मध्ये आडव्या तपशिलाच्या अडीचशेच रेषा असतात. त्या ताणून मोठ्या करायचे तो पैसे घेणार. मूळ आकारातली फाइल मागा, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा.

प्रश्न : सहाव्या पिढीचा i5 आहे, विंडोज 10. रॅमचे भाव उतरेपर्यंत नवीन पीसीसाठी थांबतोय. बरोबर ना? (पुणे)

शिकण्यापुरतं काम असेल तर थांबा. मात्र विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे, आणि तुमच्या प्रोसेसरला 11 अधिकृतपणे मिळत नाही. बँकेचे व्यवहार त्या मशीनवर करू नका आणि कामाच्या फाइलींची प्रत आजच दुसऱ्या डिस्कवर काढा. गिऱ्हाइकांची कामं घेत असाल तर थांबण्यात अर्थ नाही : बोर्ड, प्रोसेसर, SMPS आत्ता नीट घ्या, रॅम 16 वर भागवा. तपकीर गल्लीत किंवा जिथे घ्याल तिथे, दोन दुकानांची लेखी कोटेशनं शेजारी ठेवून बघा.