घटीची वही

विश्रामबाग, सांगली
रविवार, दुपार

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

फोटॉनच्या जोड्यांनी चित्र काढायचं, म्हणजे क्वांटम इमेजिंगचं संशोधन करावं का, असं तू विचारलंस. त्या पत्रातल्या एका वाक्यावर अडलो. "मी साधी इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमवाली, फिजिक्सवाल्यांच्या लॅबमध्ये माझं काय काम?" पगार, गेट परीक्षा, आईची काळजी हे सगळं नंतर. आधी याचा निकाल लावू.

तुझे बाबा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितात. माल आला किती, गेला किती, मधली घट कुठे गेली, हे त्यांना रोज जुळवावं लागतं. पहिल्या नोकरीत मी हायवेच्या कडेला खड्ड्यात बसून फायबरचे जॉइंट मारायचो. तिथेही हाच धंदा. जॉइंट झाला की ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश कुठे किती घटला ते आलेखात दाखवणारं यंत्र) लावायचा आणि वरून सुपरवायझर ओरडायचा, "लॉस किती?" ०.०५ डीबी (डेसिबेल, घटीचं माप) आला तर चहा. ०.३ आला तर तोड आणि पुन्हा मार.

सगळा ऑप्टिकल कम्युनिकेशनचा इतिहास या घटीचाच आहे. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि हॉकहॅम या संशोधकांनी मांडलं, की काचेतली घट किलोमीटरमागे २० डीबीवर आणली तर तिच्यातून संदेश पाठवणं परवडेल. २० डीबी म्हणजे शंभरातला एक भाग शिल्लक! आज १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला किलोमीटरमागे साधारण ०.२ डीबी जातो. तेव्हा एका किलोमीटरला जी घट 'चालेल' म्हटली होती, ती आज इथून कराड ओलांडून शंभर किलोमीटर गेल्यावर होते. काचेतलं लोखंड काढ, पाण्याचा अंश काढ, असं एकेक भोक बुजवत लोक तिथवर पोचले.

आता क्वांटम इमेजिंग. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेझर बीबीओ नावाच्या स्फटिकात सोडला की क्वचित एखादा फोटॉन (प्रकाशकण) फुटून ८१० चे दोन होतात. आपण मोजतो ते दोघे एकाच वेळी पोचले तर. आणि इथे घट दुहेरी लागते. प्रत्येक वाटेवर २० टक्केच फोटॉन हाती लागत असतील, तर जोड्या हाती लागतात फक्त ४ टक्के. फायबरमध्ये प्रकाश मंदावला तर मध्ये अँप्लिफायर बसवतात; इथे हरवलेला जोडीदार कुठलाही अँप्लिफायर परत आणत नाही. म्हणजे आरसा, फिल्टर, कपलर, डिटेक्टर, प्रत्येकाची घट लिहून ठेवणारं माणूस त्या टेबलाशी लागतंच. ते तू आहेस. समीकरणं वर्षभरात शिकशील. ही सवय नसलेल्याला ती लावणं फार जड जातं, मी लावून पाहिली आहे.

ही सवय मी एकदा सोडली, ते सांगतो. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मला आलेखात एकाच वेळी पोचलेल्या जोड्यांचं सुंदर, सुईसारखं शिखर मिळालं. गाइडना सांगितलं, सारांशही लिहिला. रात्री निघताना लेझर बंद केला आणि स्क्रीनकडे सहज पाहिलं. शिखर बुटकं झालं होतं, पण गेलं नव्हतं! दोन्ही डिटेक्टरच्या केबली मी एकमेकींना चिकटवून नेल्या होत्या; एकीचा स्पंद दुसरीत झिरपत होता. सारांश मागे घेतला. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक मोजणीआधी दोन नोंदी असतात: लेझर बंद ठेवून किती, आणि एक वाट झाकून किती. योगायोगाच्या जोड्याही वजा करायला शीक. दोन डिटेक्टरवर सेकंदाला लाख-लाख फोटॉन आणि 'एकाच वेळी' म्हणायची खिडकी ५ नॅनोसेकंदांची असेल, तर काहीही संबंध नसताना सेकंदाला ५० जोड्या फुकट मिळतात.

'क्वांटम' या शब्दाला मात्र भुलू नकोस. १९९५ मध्ये मेरीलँडमध्ये गुंतलेल्या, म्हणजे एंटँगल्ड, जोड्यांनी 'घोस्ट इमेजिंग' (वस्तूपाशी न गेलेल्या जोडीदाराच्या मदतीने चित्र काढणं) केलं तेव्हा ते शुद्ध क्वांटम वाटलं. पुढे साध्या, पण परस्परांशी जुळलेल्या प्रकाशानेही तसंच चित्र निघालं. त्यामुळे कुठल्याही लॅबमध्ये गेलीस की विचार: हे साध्या दिव्याने झालं नसतं का? चांगला गाइड या प्रश्नाने खूश होतो. चिडला तर तुला हवं ते कळलं.

मला आवडणारा प्रयोग २०१४ चा, व्हिएन्नातला. ५३२ नॅनोमीटरचा पंप, म्हणजे जोड्या बनवणारा लेझर, त्यातून ८१० आणि १५५० अशी जोडी. वस्तूतून गेला १५५० वाला, आणि कॅमेऱ्याने पाहिला फक्त ८१० वाला, जो वस्तूजवळ गेलाच नव्हता. तरी चित्र उमटलं. आणि १५५० हा आपला जॉइंटवाल्यांचा जुना सोबती!

व्यवहाराचं. केंद्र सरकारच्या नॅशनल क्वांटम मिशनमध्ये सेन्सिंगचं, म्हणजे सूक्ष्म मोजमापाचं, केंद्र आयआयटी मुंबईत आहे, कम्युनिकेशनचं मद्रासला. जेआरएफची (पीएचडी करताना मिळणाऱ्या फेलोशिपची) रक्कम २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. पुण्यातल्या आयटी पॅकेजशी तुलना करून घरात भांडण लावू नकोस, आकडा सरळ बाबांपुढे ठेव. एफपीजीए (हवं ते सर्किट ज्यात लिहून बसवता येतं ती चिप) सोडू नकोस, जोड्या मोजणारी सर्किटं त्यावरच बनतात. क्वांटमची पुस्तकं उघडण्याआधी फूरिए ऑप्टिक्स (प्रकाशाच्या लाटांचं गणित) आणि पॉइसॉनचं (योगायोगाने येणाऱ्या घटना मोजण्याचं) गणित पक्कं कर.

आणि अर्ज भरायच्या आधी घरीच एक काम कर. प्रोजेक्टरने वस्तूवर ३२ बाय ३२ चौकटींचे १०२४ नमुने एकामागून एक टाक, परतलेला प्रकाश एकाच फोटोडायोडवर मोज, आणि त्या १०२४ आकड्यांतून चित्र काढ. कॅमेरा नाही, लेन्सची फार फिकीर नाही. पहिल्या रात्री काहीच दिसणार नाही. ट्यूबलाइट बंद करायची राहिली असेल.

जुना प्रोजेक्टर माझ्याकडे पडून आहे, पंखा घरघरतो पण दिवा चांगला आहे. शनिवारी संध्याकाळी येऊन ने. बाबांनाही आण, त्यांना ओटीडीआरचा आलेख दाखवायचा आहे. घट कुठे झाली ते त्यांना माझ्याआधी दिसेल असं मला वाटतं.

तुझा,
सर