रियू सोडण्याआधी

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज वाचला, स्ट्रीट फायटर सिक्स या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये रियू हे कॅरेक्टर घेऊन तू खेळलेल्या सामन्यांचे रिप्लेही (रेकॉर्डिंग) पाहिले. "दादा, रियूकडे सगळं आहे, पण भारी असं काहीच नाही," हे तुझं म्हणणं बऱ्यापैकी खरं आहे. झँगीफ या पैलवानानं तीन-चारदा पकडलं की राउंड संपतो, जेपी हे दुसरं कॅरेक्टर लांब उभं राहून जमिनीतून काटे काढतो, आणि आपला रियू एक हादोकेन, म्हणजे हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा, टाकून समोर उभा. म्हणून आता टॉप टियरमधलं, म्हणजे सगळ्यात ताकदवान मानलेलं, कुणीतरी घ्यावं असं तुझ्या मनात आलंय. घे की. गेम तुझा, कंट्रोलर तुझा. फक्त सलग सामने हरल्याच्या रात्री हा निर्णय घेऊ नकोस आणि घेण्याआधी एवढं वाचून काढ.

१९९१च्या स्ट्रीट फायटर टूमध्ये निवडायला आठ जण होते. त्यातल्या बहुतेकांना कामं आधीच वाटून दिलेली. झँगीफनं जवळ जायचं. धालसिमनं लांब राहायचं. गाइलला सॉनिक बूम या लांबून फेकायच्या हल्ल्यासाठी मागची दिशा काही वेळ दाबून धरावी लागते, त्यामुळे त्याचा कल आपोआपच मागे राहण्याकडे. असं कॅरेक्टर घेतलं की राउंड सुरू होताच आपल्याला काय हवंय ते माहीत असतं, ते मिळवायचं कसं एवढाच प्रश्न. रियूला असं कुणी काही सांगितलेलं नाही. लांबून हादोकेन आहे, उडणाऱ्याला शोर्यूकेन ही वर उसळणारी बुक्की आहे, तात्सुमाकी ही फिरती लाथ आहे, जवळ गेलास तर चांगले नॉर्मल्स (साधे फटके) आणि थ्रो (पकडून आपटणं) आहे. प्रत्येक अंतरावर त्याच्याकडे काहीतरी आहे आणि कुठल्याच अंतरावर तो राजा नाही. मग आत्ता कुठे उभं राहायचं हे दर दोन सेकंदांनी तुलाच ठरवावं लागतं. तुझ्या रिप्लेत तू ते ठरवतच नाहीस. जिथे असशील तिथून जे आठवेल ते बटण दाबतोस, आणि मग रियू बिचारा लंगडा वाटतो.

ही गोष्ट एकट्या रियूची नाही. स्मॅशमध्ये मारिओ, गिल्टी गिअरमध्ये 'काय किस्के' नावाचा गडी, बहुतेक प्रत्येक फायटिंग गेममध्ये असा एक जण असतोच. नवख्यांसाठी बरा म्हणून त्याची ओळख करून दिली जाते. मला ही शिफारस अर्धवट वाटते. त्याच्या मूव्ह लवकर समजतात हे खरं, पण त्याच्याबरोबर जिंकायला लागणं जरा उशिराच होतं.

आता एकच जागा नीट बघू, कारण तुझे निम्मे सामने तिथेच गेलेत. स्टेजवर एक अंतर असं असतं, की समोरच्यानं उडी मारली तर त्याची लाथ बरोबर तुझ्या डोक्यावर पडते. त्या अंतरावरून तू हादोकेन टाकतोस. तो उडतो. तुझे हात अजून पुढेच पसरलेले, तो वरून येतो आणि अख्खा कॉम्बो, म्हणजे एकाला एक जोडलेले फटके, बसतो. मग तू मेसेजमध्ये लिहितोस, "हादोकेन स्लो आहे." नाचता येईना अंगण वाकडं! तिथून दीड पाऊल मागे सरक आणि तोच हादोकेन टाक. आता तो त्याच क्षणी उडाला तरी तुझ्या डोक्यावर पोचत नाही, थोडा अलीकडे उतरतो. तेवढ्यात तुझे हात मोकळे झालेले असतात आणि उतरता उतरता त्याला शोर्यूकेन बसतो. बटणं तीच, कॅरेक्टर तेच, दीड पावलाचा फरक.

हे अंगवळणी पडलं की खरी मजा सुरू होते. एक-दोनदा मार खाल्ल्यावर समोरचा शहाणा होतो आणि उडायचा थांबतो. ब्लॉक करत, पॅरी करत (इजा न होता फटके झेलत) चालत पुढे येतो. मग तू मुद्दाम त्या जवळच्या, धोक्याच्या अंतरावर जायचं आणि हादोकेन टाकायचाच नाही. बसून एक मीडियम किक हवेत मारायची किंवा नुसतं उभं राहायचं. त्याला वाटतं, आता आला हादोकेन. तो अंदाजानं उडतो आणि तू खाली मोकळाच आहेस. हादोकेन न टाकता त्या हादोकेनची धास्ती वापरायची, हे रियूचं भारी हत्यार. मूव्ह लिस्टमध्ये ते छापलेलं नसतं, म्हणून तुला ते दिसलं नाही.

स्ट्रीट फायटर सिक्समध्ये यात ड्राइव्ह इम्पॅक्ट या जोरदार फटक्याची भर पडली. तो तुझे दोन फटके अंगावर झेलून पुढे येतो, म्हणजे एकटा हादोकेन त्याला थांबवू शकत नाही. तुझी तक्रार होती की इम्पॅक्ट दिसतच नाही. हिशेब बघ. गेम सेकंदाला ६० फ्रेमनं चालतो. इम्पॅक्ट लागायला २६ फ्रेम, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या जरा आत. डोळ्यांना दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे १५ फ्रेम. उडीला तर त्याहून बराच जास्त वेळ असतो. कागदावर दोन्ही आरामात जमायला हवं. जमत नाही, कारण तुझं डोकं भरलेलं असतं: उडी येईल का, इम्पॅक्ट येईल का, थ्रो येईल का, वर माझा कॉम्बो कुठला ते आठव. खेळाडू याला मेंटल स्टॅक म्हणतात. रियूकडे पर्याय जास्त, त्यामुळे त्याच्या खेळाडूचा स्टॅक आपल्याच हातानं वाढतो. त्यावर उपाय म्हणजे पर्याय कमी करणं. लांब असताना फक्त उडीकडे लक्ष ठेव. मधल्या अंतरावर आलास की फक्त इम्पॅक्टकडे, आणि दिसला की उलट आपला इम्पॅक्ट. बाकी जे लागेल ते लागू दे. काही दिवस हरशील. पण कशामुळे हरलास ते कळेल.

माझा सगळा आग्रह या कळण्यासाठीच आहे. विचित्र मूव्ह असलेलं कॅरेक्टर घेऊन तू पटापट वर जाशील, यात मला शंका नाही. समोरच्याला त्या मूव्हचं उत्तर माहीत नसतं, एवढ्यावर गोल्ड, प्लॅटिनम या रँक निघून जातात. डायमंडच्या आसपास उत्तर माहीत असलेली माणसं भेटायला लागतात आणि मग आपण आधी का जिंकत होतो तेच कळेनासं होतं. रियूच्या हादोकेनचं उत्तर सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं. त्यामुळे तो लागला तर तू लावलास म्हणून लागला, आणि चुकला तर रिप्लेत बोट ठेवून दाखवता येतं की इथे चुकला.

तू लगेच म्हणशील, मोठे खेळाडूही बदलतात. बदलतात. दाइगो उमेहारा या जपानी खेळाडूनं २००९ आणि २०१० अशी लागोपाठ दोन वर्षं रियू खेळून स्ट्रीट फायटर फोरचं ईव्हो, म्हणजे फायटिंग गेम्सची मोठी स्पर्धा, जिंकलं. पुढे स्ट्रीट फायटर फाइव्ह आला. त्यात सुरुवातीला रियू दणकट होता, २०१६च्या अखेरीस आलेल्या पॅचमध्ये (गेममधल्या बदलांमध्ये) तो बराच नर्फ, म्हणजे कमजोर, केला गेला, आणि दाइगो गाइलकडे गेला. तोकिदो या दुसऱ्या खेळाडूनंही रियू सोडून अकुमा घेतला आणि २०१७चं ईव्हो जिंकलं. यातून 'पॅच आला की बदला' असा धडा तू घेशील, म्हणून थोडं थांब. अकुमाकडेही हादोकेनचाच भाऊ आहे, शोर्यूकेन आहे, तात्सुमाकी आहे. अंतराचं जे गणित तोकिदोनं रियूवर घटवलं होतं ते तसंच्या तसं त्याच्या कामाला आलं असणार. शिवाय ही माणसं पोटासाठी खेळतात. एका टक्क्याच्या फायद्यासाठी बदलणं त्यांना परवडतं, कारण बाकीचं त्यांचं आधीच झालेलं असतं.

त्याच पॅचची दुसरी बाजू बघ. २०१६च्या जुलैत इनफिल्ट्रेशन या खेळाडूनं नॅश हे कॅरेक्टर घेऊन ईव्हो जिंकलं. ते पाहून जे कुणी नॅश शिकायला बसले असतील त्यांच्या हातात पाच महिन्यांत एक दुबळा नॅश उरला, कारण वर्षाअखेर तोही नर्फ झाला. टियर लिस्टच्या (कॅरेक्टरांच्या ताकदीच्या यादीच्या) मागे धावणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं. लिस्ट बनवणारेही ती वरच्या पातळीच्या खेळावरून बनवतात. तुझ्या रँकला जो माणूस प्रत्येक उडी खाली पाडतो तो कुठलंही कॅरेक्टर घेऊन वर जातो.

तुझ्या डोक्यात दुसरीही एक कल्पना आहे, झँगीफपुरतं वेगळं कॅरेक्टर ठेवायची. नको. आत्ता तरी नको. एक झँगीफसाठी, एक जेपीसाठी, मग एक मरीझासाठी, आणि शेवटी एक ना धड भाराभर चिंध्या. झँगीफविरुद्ध तू काय करतोस ते मी सांगतो. तो जवळ आला की घाबरून पॅरी दाबून धरतोस. पॅरी थ्रोसमोर चालत नाही, उलट पॅरी करताना पकडला गेलास की पनिश काउंटर, म्हणजे चुकीची वाढीव शिक्षा, बसून जास्तच लागतं. स्क्रू पाइलड्रायव्हर ही त्याची पकड ब्लॉक होत नाही, तोडताही येत नाही, पण उडणाऱ्याला ती पकडू शकत नाही. तुझ्या रिप्लेत जवळ आलेल्या झँगीफसमोर तू एकदाही वर उडी मारलेली नाहीस. एक संध्याकाळ कॅज्युअल मॅचमध्ये स्वतः झँगीफ खेळून बघ. त्याला जवळ यायला किती मार खावा लागतो आणि समोरचा उडाला की त्याचा कसा पचका होतो, हे त्याच्या अंगात शिरल्यावर चटकन कळतं. याला मी कॅरेक्टर बदलणं म्हणत नाही, अभ्यास म्हणतो.

सरावाचं फार लांबवत नाही. ट्रेनिंग मोडमध्ये डमीला (सरावासाठी समोर उभ्या असलेल्या कॅरेक्टरला) तीन गोष्टी रेकॉर्ड करून दे: पुढे उडी, ड्राइव्ह इम्पॅक्ट, आणि नुसतं चालत येणं. त्या कुठल्याही क्रमानं येतील असं लाव आणि तू मधल्या अंतरावर हादोकेन टाकत राहा. नुसतं चालत येणं महत्त्वाचं आहे, ते गाळू नकोस. ते नसलं की तू बघून उत्तर देण्याऐवजी ठेका धरून शोर्यूकेन मारायला लागतोस. शोर्यूकेन घाईत निघत नसेल तर बसून हेवी पंच मार, उडी त्यानंही पडते. देखणं नाही, पण चालतं. लांबलचक कॉम्बो सध्या बाजूला ठेव. ते आल्यानं सामने जिंकल्यासारखं वाटतं खरं, पण तो पहिला फटका लागायचा कुठून?

आणि खरंच बदलायचं असेल तर कधी बदलावं, हेही सांगतो. हरण्याशी त्याचा संबंध नको. जिंकल्यावरही रियू खेळून मजा येत नसेल, हादोकेनचा हा उंदीर-मांजराचा खेळ तुला कंटाळवाणा वाटत असेल, कुणाला तरी उचलून आपटण्यातच तुझा जीव रमत असेल, तर तू ग्रॅपलर, म्हणजे पकडून आपटणारा गडी, आहेस, जा झँगीफकडे, माझा आशीर्वाद आहे. आवडीपुढे माझं काही चालत नाही. पण तू पाठवलेल्या जिंकलेल्या सामन्यात, दुसऱ्या राउंडला, तू हादोकेन टाकतोय असं दाखवून थांबलास, तो उडाला आणि तू त्याला खाली पाडलंस. त्यानंतर पुढच्या हादोकेनला तो जागचा हलला नाही. व्हॉइस नोटमध्ये त्याबद्दल एक शब्द नव्हता, सगळी झँगीफची रडगाणी. तो राउंड परत लाव. इनपुट दिसतात, तेही बघ: तिथे तू जवळजवळ काहीच दाबलेलं नाहीस.

पुढच्या वेळी रिप्ले पाठवशील तेव्हा हरलेलेच पाठव, आणि प्रत्येकाबरोबर एक ओळ लिही: त्यानं पहिली उडी मारली तेव्हा तू कुठल्या अंतरावर होतास. अंदाजानं लिहू नकोस, रिप्ले थांबवून बघ आणि मग लिही. झँगीफचा एखादा असेल तर तो आधी.

तुझा,
दादा